पर्फच्या रिपोर्टमध्ये फंक्शनच्या जागी नुसते आकडे? शेअर्ड लायब्ररीतली नावं कुठून येतात आणि नाही आली तर काय करायचं

लिनक्सवर प्रोसेस सीपीयू खातेय म्हणून पर्फ (प्रोग्रामचा वेळ कुठल्या फंक्शनमध्ये जातो ते मोजणारं लिनक्सचं टूल, म्हणजे प्रोफायलर) लावला, अर्धा मिनिट सॅम्पल घेतले, रिपोर्ट उघडला, आणि सगळ्यात वरच्या ओळीत नावच नाही, लांबलचक हेक्स आकडा नाहीतर चौकटी कंसात अननोन. पर्फ वापरणाऱ्या प्रत्येकाने हे बघितलंय. पण आकडा दिसतो तेव्हा निदान कळतं तरी की काहीतरी गंडलंय. खरा त्रास नाव दिसतं पण चुकीचं असतं तेव्हा होतो, कारण त्यावर कोणी शंकाच घेत नाही आणि टीम भलत्याच फंक्शनला ऑप्टिमाइझ करत बसते.

म्हणून हा लेख. पर्फ डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय, पण बहुतेक सॅम्पलिंग प्रोफायलर आतून हेच करतात. कमांड देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये टाइप करायच्या.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. प्रोफायलरला फंक्शन वगैरे काही कळत नाही. सॅम्पल घेतला त्या क्षणी सीपीयूचा इन्स्ट्रक्शन पॉइंटर कुठे होता तेवढा एक अ‍ॅड्रेस कर्नल त्याला देतं, सोबत प्रोसेस आयडी, थ्रेड आयडी, वेळ, आणि मागितला असेल तर कॉल स्टॅक, म्हणजे परत आणखी अ‍ॅड्रेसच. नाव नंतर शोधलं जातं. आणि इथे बरेच जण गल्लत करतात की डायनॅमिक लिंकर (प्रोग्राम सुरू होताना शेअर्ड लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या कोडच्या फाइली, जोडणारा) जसं नाव शोधतो तसंच प्रोफायलर शोधत असेल. नाही. लिंकरकडे नाव असतं आणि त्याला पत्ता हवा असतो, कुठली लायब्ररी आधी, एलडी प्रीलोडमध्ये (सगळ्यात आधी लोड करायच्या लायब्ररींची यादी) काय आहे, सिम्बॉलचं (फंक्शनचं नाव आणि पत्ता यांची नोंद) व्हर्जन कुठलं, हे सगळं तो बघतो. प्रोफायलरचं उलटं आहे, त्याच्याकडे जमिनीवरचा एक बिंदू आहे आणि हा कुणाच्या गटात पडतो ते सातबाऱ्यावर बघायचंय. सातबारा जुना असेल, अर्धा असेल किंवा शेजारच्या गावचा असेल तर नावही तसंच मिळणार.

प्रयोगासाठी एक प्रोसेस

वाचून नुसतं कळत नाही, करून बघा. डेबियन किंवा उबुंटूवर डिस्ट्रोचाच पायथन घ्या, एखादी मोठी टेक्स्ट फाइल मेमरीत वाचा आणि झेडलिब (डेटा कॉम्प्रेस करणारी लायब्ररी) मॉड्यूलने लेव्हल ६ वर ती परत परत कॉम्प्रेस करत रहा, अनंत लूपमध्ये. बास. (फेडोरावर करू नका असं नाही, पण फेडोरा ४० पासून तिथे मूळ झेडलिबच्या जागी झेडलिब-एनजी आहे, त्यामुळे आतल्या फंक्शनची नावं वेगळी दिसतील.) डिस्ट्रोचाच पायथन म्हणतोय कारण बाहेरून आणलेल्या काही पायथन बिल्डमध्ये झेडलिब स्टॅटिक लिंक असते, म्हणजे पायथनच्याच फाइलमध्ये मिसळलेली, मग शेअर्ड लायब्ररीचा प्रश्नच येत नाही.

झेडलिब मुद्दाम निवडली. लेव्हल ४ ते ९ ला काम डिफ्लेट_स्लो नावाच्या फंक्शनमध्ये होतं आणि त्यातला बराचसा वेळ लाँगेस्ट_मॅचमध्ये जातो. ही दोन्ही फंक्शनं लायब्ररीच्या आतली आहेत, बाहेर एक्सपोर्ट केलेली नाहीत. म्हणजे जिथे सगळा सीपीयू जातो नेमकी तीच नावं स्ट्रिप केलेल्या (जास्तीचे सिम्बॉल काढून टाकलेल्या) लायब्ररीत नसतात. आपल्याला हवं तेच.

समजा प्रोसेस आयडी ४२१७ आहे:

सुडो पर्फ रेकॉर्ड -एफ ९९ -जी -पी ४२१७ -- स्लीप ३०

एफ कॅपिटल आहे. सुडो लागतो कारण उबुंटूवर पर्फ_इव्हेंट_पॅरानॉइड ही सेटिंग मुळातच कडक ठेवलेली असते. आणि सुडोने रेकॉर्ड केलंत तर रिपोर्टही सुडोनेच बघा, कारण पर्फ लायब्ररींच्या कॉपी होम डिरेक्टरीतल्या .डीबग फोल्डरमध्ये ठेवतो, आणि सुडोखाली ते होम रूटचं असतं. अर्धा कारभार एका होममध्ये आणि अर्धा दुसऱ्यात झाला की नावं गायब होतात आणि कारण लवकर सापडत नाही.

रिपोर्टमध्ये पहिल्यांदा फंक्शन बघू नका, लायब्ररी बघा:

सुडो पर्फ रिपोर्ट --नो-चिल्ड्रेन --सॉर्ट डीएसओ

डीएसओ म्हणजे कुठल्या फाइलमधला कोड. इथे लिबझेड (झेडलिबची फाइल) बरोबर दिसत असेल आणि फंक्शन दिसत नसेल तर अर्धी लढाई झालेली आहे, मॅपिंग सापडलंय, फक्त सिम्बॉल नाहीत. इथेच अननोन असेल तर प्रश्न वेगळा आहे, तो पुढे बघू. या दोन आजारांची औषधं पूर्ण वेगळी आहेत आणि लोक सरसकट डीबग पॅकेज (काढून टाकलेले सिम्बॉल वेगळ्या डीबग फाइलमध्ये देणारं पॅकेज) टाकत सुटतात.

अ‍ॅड्रेस कुठल्या फाइलमधला हे कसं कळतं

प्रोसेस चालू झाली की डायनॅमिक लिंकर लायब्ररी एमएमॅप करतो, म्हणजे मेमरीत बसवतो, आणि एएसएलआरमुळे (सुरक्षेसाठी पत्ते रँडम ठेवायची पद्धत) दरवेळी वेगळ्या जागी करतो. म्हणून नुसत्या अ‍ॅड्रेसला काही अर्थ नाही, त्या वेळी तिथे काय मॅप होतं हे लागतंच. रेकॉर्डिंग चालू असताना नवीन एक्झिक्युटेबल मॅपिंग झालं की कर्नल एमएमॅप२ नावाचा रेकॉर्ड पर्फच्या डेटात टाकतं. पण आपली प्रोसेस तर आधीपासून चालू होती, तिचे एमएमॅप कधीच होऊन गेलेत. तिथे पर्फ सुरुवातीला /प्रॉक/४२१७/मॅप्स वाचतो आणि तसेच रेकॉर्ड स्वतः बनवून टाकतो. बघायचे असतील तर:

सुडो पर्फ स्क्रिप्ट --शो-एमएमॅप-इव्हेंट्स

त्यात लिबझेडची ओळ शोधा. त्यात सुरुवातीचा अ‍ॅड्रेस, लांबी, फाइलमधला ऑफसेट, डिव्हाइस, आयनोड, परमिशन आणि पाथ असं सगळं असतं. नवीन व्हर्जनमध्ये डिव्हाइस-आयनोडच्या जागी थेट बिल्ड आयडीही येऊ शकतो, तो आला तर उत्तमच.

एक बारीक गोष्ट जी बऱ्याच जणांना माहीत नसते: एमएमॅपचा रेकॉर्ड असतो, पण एमअनमॅपचा रेकॉर्ड पर्फमध्ये नाहीच. लायब्ररी डीएलक्लोजने काढली तरी पर्फच्या हिशोबात ती तिथेच असते, जोपर्यंत त्याच जागी दुसरं काही मॅप होत नाही. मग नवीन मॅपिंग जुन्याच्या डोक्यावर बसतं, वेळेच्या क्रमाने. प्लगइन लोड-अनलोड करणाऱ्या सर्व्हरमध्ये याचा फटका बसतो, विशेषतः डेटा बफर भरून रेकॉर्ड हरवले असतील तर. पर्फ शेवटी लॉस्ट इव्हेंट्सची वॉर्निंग देतो ती दुर्लक्ष करण्यासारखी नसते, हरवलेल्यात एखादा एमएमॅपचा रेकॉर्ड असेल तर तिथून पुढचे त्या लायब्ररीचे सगळे सॅम्पल अनाथ.

हाताने एकदा गणित करा

हे एकदा कागदावर केलंत की पुढे कुठल्याही टूलचा गोंधळ लगेच ओळखता येतो. आकडे हेक्स आहेत, पण मुद्दाम असे घेतलेत की त्यात अक्षरं येणार नाहीत. समजा एक्झिक्युटेबल मॅपिंग असं आहे:

७७१२०४२१३००० ते ७७१२०४२२६०००, आर-एक्सपी, ऑफसेट ३०००, लिबझेड

आणि सॅम्पलमधला अ‍ॅड्रेस ७७१२०४२१८४५०. मॅपिंगची सुरुवात वजा करा, राहिले ५४५०. त्यात ऑफसेट ३००० मिळवा, झाले ८४५०. हा झाला फाइल ऑफसेट, म्हणजे डिस्कवरच्या फाइलमध्ये सुरुवातीपासून किती बाइट आत.

इथे थांबायचं नाही. सिम्बॉल टेबलमध्ये जे आकडे असतात ते फाइल ऑफसेट नसतात, ते लिंकरने ठरवलेले व्हर्च्युअल अ‍ॅड्रेस असतात. दोन्हीतला फरक प्रोग्राम हेडरमध्ये सापडतो:

रीडएल्फ -एलडब्ल्यू लिबझेडचा पाथ

(एल लहान, डब्ल्यू कॅपिटल.) लोड प्रकारचे सेगमेंट दिसतील, त्यातला एक्झिक्युटेबल म्हणजे ई अक्षर असलेला बघा. त्याचा ऑफसेट ३००० आणि व्हर्च्युअल अ‍ॅड्रेसही ३००० असेल तर फरक शून्य, उत्तर ८४५०च. नेहमीच्या जीएनयू लिंकरने बनवलेल्या लायब्ररीत टेक्स्टसाठी बहुतेक वेळा असंच असतं, आणि म्हणूनच ही पायरी विसरणारी टूल वर्षानुवर्षं चालतात. पण एलएलव्हीएमच्या एलएलडी लिंकरने बनवलेली लायब्ररी आली की ऑफसेट ३००० आणि व्हर्च्युअल अ‍ॅड्रेस ४००० असा प्रकार सर्रास दिसतो. मग खरं उत्तर ९४५०, आणि तुम्ही ८४५० शोधत बसलात तर नाव मिळतं, छान मिळतं, फक्त दुसऱ्याच फंक्शनचं. क्लँगने बिल्ड केलेल्या प्रोजेक्टचा प्रोफाइल काहीतरी विचित्र दिसत असेल, म्हणजे कधी कॉलच होऊ शकत नाही असं फंक्शन वर दिसत असेल, तर पहिला संशय यावर घ्या. स्वतः इबीपीएफने (कर्नलच्या आत छोटे प्रोग्राम चालवायची सोय) छोटा प्रोफायलर लिहिणाऱ्यांनी तर हे भिंतीवर लिहून ठेवावं.

आणि हे गणित मूळ लायब्ररीच्या हेडरवर करा, वेगळ्या डीबग फाइलच्या नाही. डीबग फाइलमधून कोड काढून टाकलेला असतो त्यामुळे तिच्यातले फाइल ऑफसेट भरवशाचे नसतात. व्हर्च्युअल अ‍ॅड्रेस मात्र दोन्हीत तेच राहतात, म्हणून एकदा व्हर्च्युअल अ‍ॅड्रेस काढलात की पुढचं सगळं डीबग फाइलवर चालतं.

शेवटची पायरी, ८४५० कुठल्या सिम्बॉलच्या हद्दीत? सिम्बॉलला सुरुवात आणि साइज दोन्ही असतात. ८१०० ला सुरू होणारा, साइज ६२० असलेला सिम्बॉल ८७२० ला संपतो, ८४५० त्यात बसतं, तर हाच, प्लस ३५०. साइज शून्य असेल, हाताने लिहिलेल्या असेंब्लीत साइज द्यायची राहून गेली की असं होतं, तर पर्फ पुढच्या सिम्बॉलपर्यंत त्याला ताणतो. म्हणजे असेंब्लीतलं एक चिमुकलं लेबल शेजारच्या बेनामी कोडचेही सॅम्पल खाऊ शकतं.

दोन सिम्बॉल टेबल

एल्फ फाइलमध्ये (लिनक्सच्या प्रोग्राम-लायब्ररींचा फाइल फॉरमॅट) सिम्बॉलचे दोन तक्ते असू शकतात. .डायनसिम म्हणजे लिंकरला रन टाइमला लागणारा, एक्सपोर्ट केलेली आणि बाहेरून हवी असलेली नावं एवढाच. .सिमटॅब म्हणजे पूर्ण, त्यात स्टॅटिक आणि हिडन फंक्शनंही असतात. स्ट्रिप केलं की .सिमटॅब जातो, .डायनसिम जाऊच शकत नाही, गेला तर लायब्ररी लोडच होणार नाही. डिस्ट्रोच्या पॅकेजमधल्या लायब्ररी जवळजवळ सगळ्या स्ट्रिप केलेल्या असतात.

लिबझेडवर एनएम (सिम्बॉलची यादी दाखवणारी कमांड) चालवून बघा, नो सिम्बॉल्स म्हणेल. एनएम -डी (कॅपिटल) चालवा, डिफ्लेट, इन्फ्लेट, कॉम्प्रेस२ वगैरे दिसतील. डिफ्लेट_स्लो नाही, लाँगेस्ट_मॅच नाही. आता रिपोर्ट परत बघा, वरचे आकडे का आलेत ते कळेल. एक्सपोर्ट झालेल्या दोन फंक्शनांच्या मधे बेनामी कोडचा मोठा पट्टा आहे आणि सॅम्पल त्यात पडतायत.

पर्फ इथे प्रामाणिक आहे. साइज बघतो, हद्दीबाहेर असेल तर नाव देत नाही, आकडा दाखवतो. सगळी टूल अशी नसतात, काही जण सरळ मागचं सगळ्यात जवळचं नाव चिकटवून मोकळे होतात. म्हणून दुसऱ्या टूलमधला रिपोर्ट असेल तर नावापुढचा ऑफसेट बघायची सवय लावा. चार ओळींचं फंक्शन आणि त्यापुढे प्लस काही हजार बाइट, म्हणजे ते फंक्शन नाहीच, मागच्या एक्सपोर्टचं नाव उसनं घेतलंय. पर्फमध्ये हे बघायचं तर पर्फ स्क्रिप्टला -एफ आयपी,सिम,सिमऑफ,डीएसओ द्या (एफ कॅपिटल).

नावं आणायची

आता डीबग फाइल. डेबियन-उबुंटूवर पॅकेजच्या नावापुढे -डीबीजीसिम, म्हणजे झेडलिब१जी-डीबीजीसिम, त्यासाठी आधी डीबग सिम्बॉलची वेगळी रेपो अ‍ॅड करावी लागते. जीलिबसीसाठी (लिनक्सची मुख्य सी लायब्ररी) मात्र नाव वेगळं, लिबसी६-डीबीजी. फेडोरावर डीएनएफ डीबगइन्फो-इन्स्टॉल आणि पुढे पॅकेजचं नाव. अल्पाइनवर -डीबीजी.

पण नाव सारखं म्हणून फाइल सारखी असं नाही. जोडी जुळते ती बिल्ड आयडीने. बिल्ड होताना लिंकर लायब्ररीत एक नोट टाकतो, साधारणपणे २० बाइट, म्हणजे ४० हेक्स अक्षरं. रीडएल्फ -एन ने दिसते, नुसत्या फाइल कमांडनेही दिसते. डीबग पॅकेज आपली फाइल /यूएसआर/लिब/डीबग/.बिल्ड-आयडी/ खाली ठेवतं, पहिली २ अक्षरं फोल्डरचं नाव, उरलेली ३८ फाइलचं नाव, शेवटी .डीबग. पर्फच्या डेटात कुठले आयडी आहेत ते बघायला:

सुडो पर्फ बिल्डआयडी-लिस्ट -आय पर्फ.डेटा

लिबझेडचा आयडी घ्या, त्या फोल्डरमध्ये ती फाइल आहे का बघा. असेल तर काम झालं, नसेल तर तुम्ही टाकलेलं डीबग पॅकेज वेगळ्या व्हर्जनचं आहे, मग ते कितीही वेळा रीइन्स्टॉल करा. सिक्युरिटी अपडेटमुळे लायब्ररी एका पॅच लेव्हलने पुढे गेलीय आणि डीबग पॅकेज जुनं, हे नेहमीचं.

पॅकेजच्या भानगडीत पडायचं नसेल तर डीबगइन्फोडी. एल्फयुटिल्स प्रोजेक्टने २०१९ मध्ये आणला, एचटीटीपीवर बिल्ड आयडी दिला की डीबग फाइल मिळते. डीबगइन्फोडी_यूआरएल्स हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट करा (मोठ्या डिस्ट्रोंचे सर्व्हर आहेत, एल्फयुटिल्सचा एक सर्व्हर पुढे सगळ्यांना विचारतो), मग:

डीबगइन्फोडी-फाइंड डीबगइन्फो आणि पुढे तो ४० अक्षरी आयडी

फाइल उतरते आणि तिचा पाथ छापला जातो. पर्फच्या काही बिल्डमध्ये याचा सपोर्ट असतो, काहींत नसतो, म्हणून मी फाइल हातानेच वरच्या .बिल्ड-आयडी फोल्डरमध्ये बरोबर नावाने ठेवतो, तिथे पर्फला ती नक्की सापडते.

यानंतर परत रेकॉर्ड करायची गरज नाही! नावं रिपोर्टच्या वेळी शोधली जातात, डेटात फक्त अ‍ॅड्रेस आणि मॅपिंग आहेत. तीच पर्फ.डेटा परत उघडा, आकड्यांच्या जागी डिफ्लेट_स्लो आणि लाँगेस्ट_मॅच आले पाहिजेत. प्रॉडक्शनमध्ये पकडलेला प्रोफाइल दुसऱ्या दिवशी निवांत डीबग फाइल आणून वाचता येतो तो यामुळेच.

नावं आली, पण कुठून आली? याला एक छान युक्ती आहे. पर्फ रिपोर्टला --एसटीडीआयओ आणि -व्ही द्या. प्रत्येक ओळीत अ‍ॅड्रेसनंतर एक अक्षर येतं, त्यावरून सिम्बॉल कुठल्या फाइलमधून घेतले ते कळतं. लहान डी म्हणजे सिस्टिममधली मूळ फाइल, लहान बी म्हणजे बिल्ड आयडीने सापडलेली डीबग फाइल, कॅपिटल बी म्हणजे पर्फची स्वतःची कॅश, लहान एल म्हणजे डीबगलिंक (लायब्ररीत लिहिलेलं डीबग फाइलचं नाव), एफ आणि यू हे फेडोरा आणि उबुंटूच्या डीबग फोल्डरच्या जुन्या पद्धती, लहान के म्हणजे कॉलसिम्स, कर्नलची स्वतःची सिम्बॉलची यादी. उद्गारचिन्ह असेल तर काहीच सापडलं नाही. डीबग पॅकेज टाकूनही लहान डीच दिसत असेल तर पॅकेज लागूच झालेलं नाही, समजून जा. ही माहिती मॅन पेजमध्ये शोधत बसण्यापेक्षा पाठ केलेली बरी.

नाव बरोबर आहे, पण ओळखीचं नाही

आपल्या कोडमध्ये मेमकॉपी आहे आणि रिपोर्टमध्ये __मेममूव्ह_एव्हीएक्स_अनअलाइन्ड_ईआरएमएस. घाबरू नका, टूल चुकलेलं नाही. जीलिबसीत मेमकॉपी हा आयफंक प्रकारचा सिम्बॉल आहे, म्हणजे त्या नावाखाली खरं कॉपी करणारा कोड नसून निवड करणारा कोड आहे, तो प्रोसेसर बघून योग्य व्हेरिएंटचा पत्ता देतो. पुढे चालतो तो व्हेरिएंट, आणि मेमकॉपी-मेममूव्हचं इम्प्लिमेंटेशन तिथे एकच आहे म्हणून नाव मेममूव्हचं. हे व्हेरिएंट लोकल सिम्बॉल आहेत, म्हणून लिबसी६-डीबीजी नसेल तर इथेही आकडेच.

एकाच अ‍ॅड्रेसला चार-पाच नावं असणं हेही लायब्ररीत रोजचं आहे. पर्फ त्यातलं एक निवडतो, साइज असलेलं आधी, वीक नसलेलं आधी, ग्लोबल आधी, कमी अंडरस्कोअरवालं आधी, तरीही टाय असेल तर लांब नाव. दुसरं टूल दुसरं नाव निवडेल. दोन टूलच्या रिपोर्टमध्ये नाव जुळत नाही म्हणून भांडण्याआधी दोन्ही नावांचे अ‍ॅड्रेस एनएमने बघा. लिंकरने आयसीएफ केलं असेल, म्हणजे सारखाच मशीन कोड असलेली फंक्शनं एकत्र केली असतील, तर मात्र कुठलं खरं चाललं हे अ‍ॅड्रेसवरून सांगताच येत नाही, कॉलर बघूनच ठरवावं लागतं.

नावाच्या शेवटी अ‍ॅट पीएलटी दिसलं तर तो लायब्ररीबाहेर उडी मारायचा छोटा टप्पा. पीएलटीला सिम्बॉल टेबलमध्ये स्वतःची नावं नसतात, पर्फ रीलोकेशन वाचून ती तयार करतो. डॉट कोल्ड, डॉट पार्ट, डॉट कॉन्स्टप्रॉप ही जीसीसीने फंक्शनचे केलेले तुकडे किंवा बदललेल्या प्रती, मूळ फंक्शनमध्ये धरा. आणि इनलाइन झालेल्या (कॉलरच्या कोडमध्येच मिसळलेल्या) फंक्शनला सिम्बॉल नसतोच, त्यासाठी ड्वार्फ (डीबग फाइलमधली सविस्तर) माहिती लागते. एखादा अ‍ॅड्रेस हाताने तपासायचा तर अ‍ॅडआर२लाइनला -एफ, -आय, -सी (सी कॅपिटल) आणि -ई ने डीबग फाइल द्या, वर काढलेला व्हर्च्युअल अ‍ॅड्रेस द्या, इनलाइनची पूर्ण साखळी मिळते. कॉल स्टॅकमधला कॉलरचा अ‍ॅड्रेस असेल तर त्यातून १ वजा करून द्या. तो परत यायचा पत्ता असतो, म्हणजे कॉलच्या पुढची इन्स्ट्रक्शन, आणि फंक्शनचा शेवट अबॉर्टसारख्या कधीच न परतणाऱ्या कॉलने होत असेल तर तो पत्ता चक्क पुढच्या फंक्शनमध्ये पडतो.

लायब्ररीच सापडत नाही तेव्हा

लाइव्ह सर्व्हरवर अपडेट झालं, पण प्रोसेस रीस्टार्ट केली नाही. मॅप्समध्ये पाथपुढे कंसात डिलीटेड दिसतं. डिस्कवर त्याच नावाने नवीन लायब्ररी आहे पण मेमरीत जुनी चालू आहे. बिल्ड आयडी न बघणारं टूल नवीन फाइल उघडून बिनधास्त चुकीची नावं देईल. प्रोसेस जिवंत आहे तोवर जुनी फाइल वाचवता येते, /प्रॉक/४२१७/मॅप_फाइल्स/ मध्ये मॅपिंगच्या सुरुवात-शेवट अ‍ॅड्रेसच्या नावाने लिंक असते, रूट होऊन सीपीने ती कॉपी करून घ्या. पूर्ण फाइल मिळते, बिल्ड आयडीसकट. रीस्टार्ट केलं की गेली, त्यामुळे आधी कॉपी, मग रीस्टार्ट.

कंटेनरचं जरा जास्त बोलावं लागेल. पर्फ होस्टवर चालतोय आणि मॅप्समधला पाथ कंटेनरच्या आतला आहे. होस्टवर त्या पाथवर काहीच नसेल किंवा, जास्त वाईट, दुसऱ्याच डिस्ट्रोची त्याच नावाची लायब्ररी असेल. आजकालचा पर्फ प्रोसेसच्या माउंट नेमस्पेसमध्ये (त्या कंटेनरला दिसणाऱ्या फाइलसिस्टिममध्ये) शिरून फाइल वाचतो, त्यामुळे प्रोसेस चालू आहे तोवर बहुतेक वेळा जमतं. पण कंटेनर संपला, पॉड दुसरीकडे गेला, आणि तुम्ही रिपोर्ट नंतर उघडलात तर वाचायला काही उरत नाही. रेकॉर्ड संपताना ज्या लायब्ररींमध्ये सॅम्पल पडले त्या पर्फ कॅशमध्ये घेतो, तेव्हा प्रोसेस जिवंत असणं महत्त्वाचं. काही सेकंद जगणाऱ्या जॉबचं प्रोफाइल करायचं असेल तर इमेज हाताशी ठेवा, ती एका फोल्डरमध्ये उघडा आणि पर्फ रिपोर्टला --सिमएफएस ने तो फोल्डर दाखवा, मग सगळे पाथ त्या फोल्डरपासून मोजले जातात.

पायथनवाल्यांसाठी वेगळी सूचना. पिपने आलेल्या व्हीलमध्ये (आधीच बिल्ड केलेल्या पॅकेजमध्ये) लायब्ररी आतच बांधलेल्या असतात, नावात हॅश घुसवून. त्या डिस्ट्रोच्या नाहीत त्यामुळे डिस्ट्रोचं डीबग पॅकेज आणि डीबगइन्फोडी दोन्ही तिथे निरुपयोगी. सिम्बॉल हवेतच तर सोर्समधून बिल्ड करा, दुसरा सोपा रस्ता नाही.

आणि डीएसओच अननोन असेल, फाइलच नसलेलं मॅपिंग असेल, तर तो बहुधा जिट कोड, म्हणजे रनटाइमने चालता चालता बनवलेला कोड आहे. तिथे एल्फ वगैरे काही नाही, रनटाइमने /टीएमपी/पर्फ-पीआयडी.मॅप नावाची फाइल लिहिली तरच नावं मिळतात, प्रत्येक ओळीत सुरुवात, साइज, नाव. नोडला --पर्फ-बेसिक-प्रॉफ, पायथन ३.१२ पासून -एक्स पर्फ.

स्टॅक मधेच तुटतो

हा नावाचा प्रश्न नाही पण दिसतो तसाच, म्हणून इथे. लिबझेडच्या फंक्शनच्या वर अननोन किंवा कचरा अ‍ॅड्रेस, पायथनपर्यंत साखळी जातच नाही. -जी मध्ये पर्फ फ्रेम पॉइंटरवर (चालू फंक्शनची स्टॅकवरची जागा दाखवणारं रजिस्टर) चालतो आणि लायब्ररी फ्रेम पॉइंटरशिवाय कंपाइल केलेली असेल तर त्याला वर जाता येत नाही. फेडोरा ३८ आणि उबुंटू २४.०४ पासून पॅकेज फ्रेम पॉइंटरसकट बिल्ड होतात, त्यामुळे तिथे त्रास कमी झालाय. जुन्या सिस्टिमवर -जी ऐवजी --कॉल-ग्राफ ड्वार्फ द्या. त्यात दर सॅम्पलला स्टॅकचे ८१९२ बाइट कॉपी होतात, फाइल भराभर फुगते, म्हणून फ्रिक्वेन्सी कमी ठेवा. यासाठी लागणारा .ईएच_फ्रेम सेक्शन स्ट्रिप केल्यावरही लायब्ररीत राहतो, म्हणजे स्टॅक उलगडायला डीबग पॅकेज लागत नाही, नावांसाठीच लागतं. कचरा अ‍ॅड्रेसवर सिम्बॉल शोधत बसू नका, तो बहुतेक वेळा कुठल्याच मॅपिंगमध्ये नसतो.

दुसऱ्या मशीनवर नेताना

प्रॉडक्शनच्या बॉक्सवर काही इन्स्टॉल करायला परवानगी नाही आणि रिपोर्ट लॅपटॉपवर बघायचाय, तर नुसती पर्फ.डेटा उचलून आणू नका. लॅपटॉपवर त्या पाथला तुमची लायब्ररी आहे, त्यांची नाही. पर्फ बिल्ड आयडी जुळत नाही म्हणून ती नाकारेल आणि तुम्हाला आकडे दिसतील. तिथेच चालवा:

सुडो पर्फ आर्काइव्ह पर्फ.डेटा

पर्फ.डेटा.टार.बीझेड२ तयार होते, त्यात सॅम्पल पडलेल्या लायब्ररी बिल्ड आयडीनुसार असतात. ती लॅपटॉपवर होममधल्या .डीबग फोल्डरमध्ये टारने उघडा (टारचा -सी कॅपिटल देऊन तो फोल्डर दाखवायचा), पर्फ.डेटाची मालकी सुडोमुळे रूटकडे असेल तर चाऊनने आपल्याकडे घ्या, नाहीतर पर्फला ती वाचायची परमिशनच मिळत नाही. आर्काइव्हमध्ये लायब्ररी जशा होत्या तशा, म्हणजे स्ट्रिप केलेल्याच येतात, डीबग फाइल त्यात नसतात. त्या लॅपटॉपवर बिल्डआयडी-लिस्टमधले आयडी घेऊन डीबगइन्फोडीने उतरवा. स्वतःच्या कंपनीत बिल्ड झालेल्या लायब्ररींसाठी बाहेरचा सर्व्हर काय देणार, त्यामुळे सीआयमध्ये (आपोआप बिल्ड होतं तिथे) स्ट्रिप करायच्या आधी ऑब्जकॉपी --ओन्ली-कीप-डीबग ने डीबग फाइल वेगळी काढून बिल्ड आयडीच्या नावाने कुठेतरी जपून ठेवायची पायरी आजच टाका. कंपाइल करताना -जी असेल तर ओळ नंबर आणि इनलाइनही मिळतील, नसेल तर निदान फंक्शनची नावं मिळतील. आणि लिंकरच्या फ्लॅगमध्ये --बिल्ड-आयडी आहे का तेही बघा, काही क्रॉस कंपाइलर टूलचेन तो मुळात देतच नाहीत आणि मग वरचं सगळं जुळवायला काही राहत नाही.